दम आधी परततो, गुडघा मागाहून

प्रश्न थोडक्यात असा: वय ५६, राहायला गोरेगाव पूर्वेला, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आहे. कॉलेजात रेसिंग सायकल चालवायचे. १९८८ मध्ये आम्ही चौघी मैत्रिणी दादरहून निघून घाट चढून लोणावळ्याला गेलो होतो. लग्नानंतर सायकल सुटली ती सुटलीच. आता बीपीसाठी मेटोप्रोलॉल चालू आहे, जिना उतरताना उजवा गुडघा दुखतो. भाचा त्याची जुनी कार्बनची रोड बाइक द्यायला तयार आहे. सुरुवात करू का? मुंबईत चालवायची कुठे? आणि घाट पुन्हा जमेल का?

ताई, घाट जमेल. हे आधी सांगते, कारण तुम्ही तो प्रश्न सगळ्यात शेवटी, दबकत विचारलाय.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, मुलुंडला राहते, वय ६१. तुमच्यासारखीच वीस-एकवीस वर्षं सायकलपासून लांब होते, त्रेचाळिसाव्या वर्षी परतले. गेली पंधरा वर्षं चाळिशी-पन्नाशीनंतर सायकलवर परतणाऱ्यांचे गुडघे, पाठी आणि मनगटं बघते आणि त्यांची सायकल त्यांच्या मापाला बसवून देते.

परतणाऱ्यांची अडचण नवशिक्यांपेक्षा वेगळी असते. नवशिका घाबरत घाबरत जातो, म्हणून वाचतो. तुमचा तोल पहिल्या दहा मिनिटांत परत येईल. आठ-दहा दिवसांत रक्तातलं पाणी वाढतं, सहा ते आठ आठवड्यांत दम पुरायला लागतो, मांड्या भरल्यासारख्या वाटतात. स्नायूबंध मात्र, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या, सावकाश बळकट होतात. त्यांना रक्तपुरवठा कमी, त्यामुळे त्यांचा हिशोब महिन्यांचा असतो. छाती म्हणते "चल", पाय म्हणतात "चल", आणि गुडघ्याची वाटी अजून तयार नसते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक दुखापती सहाव्या ते दहाव्या आठवड्यातल्या असतात. माझी स्वतःचीही तशीच. सातव्या आठवड्यात ठाण्याहून येऊरचा चढ जड गिअरवर चढून गेले, वर पोचल्यावर इतका आनंद झाला की खाली येऊन पुन्हा एकदा चढले. दुसऱ्या दिवशी संडासला बसता येईना. चार महिने सायकल भिंतीला टेकून होती.

म्हणून पहिले तीन महिने तुम्हाला "आज अजून जमलं असतं" असं वाटत असतानाच घरी परतायचं आहे. हे सगळ्यात कठीण आहे.

आता डॉक्टर. ईसीजी, टू-डी एको आणि स्ट्रेस टेस्ट करून घ्या, सोबत रक्तातली साखर आणि कोलेस्टेरॉल. "सायकल चालवायची आहे" एवढंच सांगू नका, "घाट चढायचा आहे" असं सांगा, म्हणजे त्यांच्या लक्षात येईल. तुमच्या गोळीबद्दल एक गोष्ट महत्त्वाची. मेटोप्रोलॉल हृदयाचे ठोके वर जाऊ देत नाही. त्यामुळे घड्याळातले ठोक्यांचे ते रंगीत झोन आणि जास्तीत जास्त ठोके काढायचं "२२० वजा वय" हे गणित तुमच्यासाठी निरुपयोगी आहे. ठोके १२०वरच अडकलेले दिसतील आणि तुम्ही मात्र धापा टाकत असाल. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, वेळही बदलू नका. जोर मोजायचा तो बोलण्यावरून. चालवता चालवता बाराचा पाढा न अडखळता म्हणता आला तर वेग बरोबर. "बारा सक" पाशी श्वास घ्यावा लागला तर गिअर हलका करा. छातीवर दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, नेहमीपेक्षा वेगळा दम, गरगरणं, यांपैकी काहीही झालं तर तिथेच उतरायचं, आणि लगेच डॉक्टर गाठायचा.

भाच्याची सायकल घेऊ नका. तुमची उंची पाच फूट दोन इंच, त्याची पाच नऊ. ती फ्रेम तुम्हाला मोठीच पडणार. सीट खाली करता येते, पण सीटपासून हँडलपर्यंतचं अंतर फारसं कमी होत नाही. स्टेम, म्हणजे हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा, बदलून दोन-तीन सेंटिमीटर मिळतील, त्याहून जास्त नाही. मग तुम्ही हात ताठ करून हँडलवर लोंबकळाल, मान वर करून बघाल, आणि पंधरा दिवसांत करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होईल. तळहाताच्या कडेने जाणारी नस दाबली जाते, म्हणून नेमकी तीच दोन बोटं. फुकट मिळालेली चुकीच्या मापाची सायकल महागात पडते, हे मी दर महिन्याला बघते.

तुमच्या मापाची, 'एन्ड्युरन्स' प्रकारची, म्हणजे हँडल जरा उंच आणि जवळ असलेली ॲल्युमिनियमची सायकल बघा. कार्बनची गरज नाही. डिस्क ब्रेक असू द्या, कारण मुंबईच्या पावसात रिमवरचे ब्रेक ओले झाले की लागायला वेळ घेतात. टायर ३२ मिलिमीटरचे बसतात का ते दुकानात विचारा. आपल्या वेळी टायर जितका बारीक आणि हवा जितकी टणक तितकी सायकल वेगवान, असं मानायचे. आता शर्यतीवालेही २८ वापरतात. ३२च्या टायरमध्ये तुमच्या वजनाला ५० ते ५५ पीएसआय हवेचा दाब पुरे. आणि हवेचा पंप घरी ठेवा. या सायकलींचा व्हॉल्व्ह वेगळा, बारीक असतो, तोंडाशी छोटा स्क्रू असलेला. आपल्या लहानपणीची वॉलट्यूब नाही आणि मोटरसायकलचा व्हॉल्व्हही नाही. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचं नोझल त्याला लागत नाही. वीस-तीस रुपयांचं पितळी ॲडॉप्टर मिळतं, ते सीटखालच्या पिशवीत कायम असू द्या.

गिअरबद्दल मात्र तुम्हाला आनंद होईल असं सांगते. तुमच्या वाकड्या हँडलच्या सायकलीला पुढे ५२ आणि ४२ दात्यांची चक्रं असतील, मागचं मोठं चक्र बहुधा २४चं. सगळ्यात हलक्या गिअरवर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण पावणेचार मीटर पुढे जायची. मिनिटाला साठ फेरे ठेवायचे तर ताशी १३ किलोमीटरने घाट चढायला हवा. तेवढी ताकद नसली की उभं राहून, अंग झोकून, एकेक पेडल दाबत चढायचं, आणि आपण सगळे तसेच चढलो. आज पुढे ३४ आणि मागे ३४ असा गिअर सहज मिळतो. एका फेऱ्यात दोन मीटर आणि थोडं. तेच साठ फेरे ताशी साडेसात किलोमीटरला पडतात, म्हणजे साठ फेऱ्यांची लय जवळपास निम्म्या ताकदीत राखता येते. छप्पन्नाव्या वर्षीचा घाट एकोणिसाव्या वर्षीपेक्षा गुडघ्याला हलका जाऊ शकतो तो यामुळे. सायकल घेताना हा ३४-३४चा आकडा मागून घ्या. रंग नंतर बघा.

आता सीटची उंची, आणि इथे जरा सावकाश वाचा.

आपल्याकडे सायकल शिकवताना पहिली अट असते, सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. दुकानातही तशीच सीट लावून देतात. मलाही परतताना एका दुकानाने तशीच लावून दिली आणि मीही मुकाट चालवली. अशा सीटवर पेडल वर आलं की गुडघा गरजेपेक्षा बराच जास्त वाकतो, आणि त्याच वाकलेल्या अवस्थेत तुम्ही जोर लावता. वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. तासाला साडेचार-पाच हजार वेळा.

माझ्याकडे एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या, दोन महिने दोन्ही गुडघ्यांना पुढून दुखणं, गुडघ्याचे पट्टे लावलेले, गोळ्या चाललेल्या. सायकल सोबत आणा म्हटलं. दाराच्या चौकटीला हात टेकून त्यांना सीटवर बसवलं, टाच पेडलवर ठेवायला लावली आणि पेडल अगदी खाली नेलं. गुडघा चांगलाच वाकलेला. सीट एक सेंटिमीटर वर केली, पुन्हा टाच. अजून वाकलेला. असं करत करत साडेचार सेंटिमीटर वर आलो तेव्हा पाय सरळ झाला. मग टाचेऐवजी पायाचा चवडा पेडलवर ठेवायला सांगितला, तेव्हा गुडघ्यात हलकासा बाक आला, तेवढाच हवा असतो. त्या घाबरल्या. "अहो, पाय पोचत नाहीत खाली." पोचायला नकोच आहेत. थांबताना सीटवरून पुढे सरकून दांडीवर यायचं आणि एक पाय टेकायचा, डावा. हे आम्ही सोसायटीच्या पार्किंगमध्ये वीस वेळा केलं. तीन आठवड्यांनी पट्टे कपाटात गेले.

तुमचा गुडघा जिना उतरताना दुखतो, म्हणजे बहुधा वाटीचंच दुखणं आहे. सीट बरोबर उंचीवर आणि गिअर हलका असेल तर सायकल त्या गुडघ्याला औषध ठरते. एकदम पाच सेंटिमीटर चढवू नका, दर चार-पाच दिवसांनी अर्धा सेंटिमीटर. गुडघ्याच्या मागे ओढ लागली तर सीट जास्त वर गेली आहे, तेवढी खाली आणा. आणि पाय वेगाने, हलके फिरवा. मिनिटाला ऐंशीच्या आसपास फेरे हे लक्ष्य, सुरुवातीला सत्तर चालतील.

सीटवर बसण्याबद्दल बायका विचारायला लाजतात, म्हणून न विचारता सांगते. मऊ जेलचं कव्हर चढवू नका. त्यात बूड रुततं आणि नको त्या नाजूक जागी दाब येतो. वजन यायला हवं बसायच्या दोन हाडांवर. ती हाडं बायकांमध्ये एकमेकांपासून जरा लांब असतात, म्हणून मागून रुंद आणि मधे खाच असलेली सीट लागते. पाळीनंतर तिथली त्वचा कोरडी आणि पातळ होते, घासलं की फार झोंबतं. पॅडची शॉर्ट घाला, आत काहीही घालू नका, कडेला साधं पेट्रोलियम जेली लावा. वर लांब टी-शर्ट घाला, कुणी बघत नाही. पहिले दोन आठवडे हाडांवर दुखेल, ते थांबतं. बधिरपणा मात्र एक दिवसही सहन करायचा नाही. सीटचं नाक एखादा अंश खाली करा, नाही थांबलं तर सीट बदला.

आणि हाडं. सायकलमुळे हृदय सुधारतं, साखर सुधारते, गुडघ्यावर आदळआपट होत नाही. पण आदळआपट नाही म्हणूनच हाडांना बळकट व्हायचा इशारा मिळत नाही. वर्षानुवर्षं फक्त सायकलच चालवणाऱ्यांची हाडं, विशेषतः कण्याची, ठिसूळ आढळली आहेत. पाळी गेलेल्या बाईने फक्त सायकलवर विसंबू नये. डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, एकदा करून घ्या. आठवड्यातून दोन दिवस सायकल नाही, त्या दिवशी ताकदीचे व्यायाम: खुर्चीतून हात न लावता उठणं-बसणं, मग हातात पाच लिटरचा पाण्याचा कॅन धरून तेच, जिन्याच्या पायरीवर चढ-उतर, चवड्यांवर उचलणं, भिंतीवर हात ठेवून दंड. उतरत्या जिन्यावर दुखतंय तोवर चढताना व्यायाम करा, उतरताना कठडा धरा. जेवणात डाळ, उसळ, दही, अंडी किंवा मासे वाढवा. किलोमागे रोज एक ग्रॅमहून थोडं जास्त प्रथिन लागतं, म्हणजे तुमच्या साठ किलोला सत्तरेक ग्रॅम, आणि वरण-भातातून ते मिळत नाही.

मुंबईत कुठे चालवायची? तुमच्या दाराशी आरे आहे. चेकनाक्यातून आत शिरून मरोळच्या दिशेने जाणारा रस्ता लहान लहान चढ-उतारांचा आहे, सुरुवातीला एवढाच पुरे. पण उजाडल्यावरच आत शिरा. तिथे बिबटे आहेत हे तुम्हाला मी सांगायला नको, आणि झाडीतल्या अंधारात खड्डाही दिसत नाही. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, त्याप्रमाणे निघा. बाकी वर्षभर साडेसातच्या आत घरी. नंतर ट्रक, रिक्षा, शाळेच्या बस आणि दमटपणा एकदमच वाढतात. आपल्या हवेत घाम येतो पण वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि त्याच वेगाला दम जास्त लागतो. तासाला एक बाटली पाणी, तासाहून जास्त वेळ असेल तर त्यात ओआरएस. खिशात खजूर किंवा राजगिऱ्याचा लाडू.

पुढे बोरिवलीचं नॅशनल पार्क, कान्हेरीचा चढ. तुमच्या घाटाची तालीम तिथेच होईल. रविवारी पहाटे मरीन ड्राइव्हला एकदा जाऊन या, सराव म्हणून नाही, आनंद म्हणून. सी लिंक, कोस्टल रोड, अटल सेतू आणि पुणे एक्स्प्रेसवे यांवर सायकलला परवानगी नाही. आणि मार्वेहून फेरीबोटीत सायकल घालून मनोरीला उतरा. मनोरी, गोराई, उत्तन हा रस्ता मला मुंबईतला सगळ्यात आवडता आहे. बोटीत सायकल चेनची बाजू बाहेर ठेवून टेकवा, नाहीतर कुणाची तरी साडी काळी होते.

रस्त्यावर सगळ्यात जास्त भीती कसली बाळगायची ते सांगते. गाड्यांपेक्षाही काँक्रीटच्या दोन पट्ट्यांमधल्या लांब फटीची. तुमच्या दिशेनेच धावते, बारीक टायर तिच्यात उतरला की हँडल वळत नाही आणि माणूस सरळ आडवा होतो. ती नेहमी तिरकी ओलांडायची, तिच्या सोबत चालायचं नाही. तसेच पेव्हर ब्लॉकच्या कडा, गटाराच्या उभ्या गजांच्या जाळ्या, खोदकामावर टाकलेले लोखंडी पत्रे. पावसात पत्रे, मॅनहोलची झाकणं आणि झेब्राचे पांढरे पट्टे यांवर ना ब्रेक लावायचा ना वळायचं. साचलेल्या पाण्यातून जायचं नाही, खाली काय आहे ते कुणालाच ठाऊक नसतं. आपल्या वयात पडणं म्हणजे हात टेकणं आणि हात टेकणं म्हणजे मनगट, म्हणून बुटाला अडकणारी पेडलं पहिलं वर्षभर नकोत. साधी सपाट पेडलं. हेल्मेट, मागे लाल दिवा, हँडलच्या उजव्या टोकाला छोटा आरसा.

चष्म्याचं कुणी सांगत नाही. तुम्हाला प्रोग्रेसिव्ह, म्हणजे लांबचा आणि वाचायचा नंबर एकाच काचेत असलेला चष्मा असेल, तर त्याचा खालचा भाग वाचायचा असतो. सायकलवर वाकून बसल्यावर पुढच्या चाकासमोरचा रस्ता नेमका त्याच भागातून दिसतो, म्हणजे धूसर. खड्डा कळतो तो हाताला. फक्त लांबचा नंबर असलेला, मोठ्या काचांचा, वरची कड भुवईच्याही वर येणारा एक वेगळा चष्मा करून घ्या. माझ्याकडच्या दोन जणी केवळ यामुळे पडायच्या थांबल्या.

वयाचं म्हणाल तर फ्रान्सचे रोबेर मार्शां साठी उलटल्यावर सायकलकडे परतले होते. वयाच्या १०१ ते १०३ या दोन वर्षांत संशोधकांनी त्यांना मोजलं. त्यांची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता किलोमागे मिनिटाला ३१ मिलिलिटरवरून ३५वर गेली होती. २०१४ मध्ये १०२व्या वर्षी त्यांनी तासाभरात २६.९२७ किलोमीटर कापले. आणि त्यांचा सराव बघा: पाच हिश्शांतले चार हलके, एक जोराचा. एकशे दोन वर्षांच्या माणसाचं हे वेळापत्रक मी छप्पन्नच्या बाईला जसंच्या तसं देते, फक्त पहिले तीन महिने तो जोराचा हिस्साही काढून टाकते.

पाऊस आहे तोवर तपासण्या आणि ताकदीचे व्यायाम उरका. दसऱ्याला सायकलला झेंडूचा हार घाला आणि निघा. आठवड्यातून तीन दिवस, अर्धा तास. दिवाळीनंतर पाऊण तास. जानेवारीत कान्हेरी, फेब्रुवारीत मनोरी-उत्तन. येत्या हिवाळ्यात घाट नाही, त्याच्या पुढच्या डिसेंबरात. मुंबईहून चालवत निघू नका. पनवेलपर्यंतच्या त्या ट्रकांतून जाण्यात काही मिळत नाही. सायकल गाडीत घालून खोपोली गाठा आणि तिथून जुन्या रस्त्याने चढा. लोणावळ्यापर्यंत साधारण साडेपाचशे मीटर उंची चढायची आहे. शिंग्रोबाच्या देवळापाशी थांबा, पाणी प्या, पाठ सरळ करा. मुंबई-पुणे शर्यतीत 'घाटाचा राजा' याच चढावर ठरतो, पण तुम्हाला कुणाच्या पुढे जायचं नाही, तेव्हा दोनदा थांबा, तीनदा थांबा. एक मनाशी ठेवा, अमृतांजन पूल आता दिसणार नाही. १८३०चा तो पूल एप्रिल २०२० मध्ये पाडला. १९८८ मध्ये त्याच्याखालून गेला असाल तर जरा चुकल्यासारखं होईल. मला झालं होतं.

सायकल घेतलीत की भिंतीला टेकून, टाच पेडलवर, पेडल अगदी खाली, असा बाजूने एक फोटो काढून पाठवा. गुडघा दिसेल असं काहीतरी आखूड घाला. दुसरा फोटो हात हँडलवर ठेवून, कोपर आणि खांदा दिसेल असा. त्यावरून सीट अजून किती वर हवी आणि स्टेम किती आखूड लागेल ते सांगते.